शिलाईच्या मजुरीतील कर

घरातून आंतरजालावर कपडे विकणारे दुकानदार शिलाईचे काम पुष्कळदा घरी शिवणाऱ्या भगिनींकडे सोपवितात. मागील आर्थिक वर्षी उलाढाल १ कोटी रुपयांवर गेली असेल, आणि स्वतः कापड पुरवून एकीला दिलेली मजुरी वर्षात १ लाखावर जात असेल, तर तीतून शेकडा १ रुपया प्राप्तिकर कापणे दुकानदारास बंधनकारक आहे. तिचा पॅन क्रमांक नसल्यास शेकडा २० कापावे लागतात. ही रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चची मात्र ३० एप्रिलपर्यंत, सरकारात भरावी व तिला प्रमाणपत्र द्यावे. तिचे उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून हे पैसे तिला परत मागता येतात. कापलेला कर ही दुकानदाराची बचत नव्हे; ती तिच्या श्रमाची ठेव आहे.