अकरा ते बारा

लोकसभेचे कामकाज सकाळी ११ वाजता सुरू होते आणि पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न. त्यासाठी सदस्याने किमान १५ दिवस आधी सूचना द्यायची, मग सोडतीत नंबर लागला तर मंत्र्याला समोरासमोर विचारता येणार. ही संधी शाबूत ठेवणे हे त्या तासातले अध्यक्षांचे मुख्य काम. सभागृह शांत ठेवायचे ते त्यासाठीच.

अध्यक्षांनी नाव पुकारले की सदस्य उठून फक्त प्रश्नाचा क्रमांक सांगतो. मंत्री बहुतेक वेळा म्हणतात, ‘निवेदन पटलावर ठेवले आहे.’ लेखी उत्तर आधीच हातात आलेले असते, त्यामुळे खरा सामना रंगतो तो पुरवणी प्रश्नांवर. मूळ प्रश्नकर्त्याला सामान्यतः दोन पुरवणी प्रश्न मिळतात. पुढे कोणाला बोलवायचे हे अध्यक्ष ठरवतात आणि त्यांचा कस लागतो तो इथे. सदस्य प्रश्नाऐवजी भाषण सुरू करतो, त्याला आवरायचे. मंत्री मुद्दा सोडून योजनांची जंत्री वाचू लागतात, त्यांनाही आवरायचे. मंत्र्याने काय उत्तर द्यावे हे अध्यक्ष सांगू शकत नाहीत, पण समाधान झाले नसेल तर आणखी दोघांना उठवू शकतात. चार बाजूंनी प्रश्न आले की गुळमुळीत उत्तर फार काळ टिकत नाही.

या तासाला आजचे निश्चित रूप आले ते पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात. दादासाहेब या नावाने ओळखले जाणारे मावळंकर अहमदाबादचे वकील, घराणे मूळचे रत्नागिरीचे. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद सांभाळल्यावर १९४६ मध्ये ते केंद्रीय विधानसभेवर आले आणि १९५२ पासून १९५६ मधील निधनापर्यंत लोकसभेचे अध्यक्ष राहिले. हा तास काय करू शकतो, हे त्यानंतर लगेच दिसले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याचे प्रकरण १९५७ मध्ये सभागृहातल्या प्रश्नांतून पुढे आले. खासदार फिरोज गांधींनी ते लावून धरले, न्यायमूर्ती छागलांचा आयोग बसला आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

गोंधळ आवरण्यासाठी अध्यक्षांच्या हाती नियम भरपूर आहेत. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने तत्काळ बसायचे, हा त्यातला सर्वांत जुन्या वळणाचा. नियम ३७३ खाली सदस्याला दिवसभरासाठी बाहेर जायला सांगता येते. २००१ मध्ये आलेल्या ३७४ अ नुसार, वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून कामकाज रोखणाऱ्याचे अध्यक्षांनी नाव घेतले की पाच बैठकांचे निलंबन आपोआप लागू होते. ऑगस्ट २०१५ मध्ये तत्कालीन अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी काँग्रेसच्या २५ खासदारांना याच मार्गाने बाहेर काढले. डिसेंबर २०२३ मध्ये तर दोन्ही सभागृहे मिळून १४६ खासदार निलंबित झाले. बाके रिकामी करून मिळालेल्या शांततेला मी सुव्यवस्था म्हणणार नाही. प्रश्न विचारणारेच उरले नाहीत, तर शांततेचा उपयोग कोणाला?

पण फलक नाचवून तास बुडवणाऱ्यांनीही एक हिशोब मांडावा. कामकाज तहकूब झाले की उरलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर जातात. पुरवणी प्रश्न होत नाहीत आणि अडचणीतला मंत्री सुटतो. विरोधकांच्या हातचे सर्वांत धारदार हत्यार विरोधकच म्यान करतात. ३० नोव्हेंबर २००९ रोजी गोंधळ नव्हता, तरीही तास अर्ध्यावर संपला, कारण प्रश्न देणारे बहुतेक सदस्यच गैरहजर होते. तत्कालीन अध्यक्ष मीरा कुमार यांना कामकाज थांबवावे लागले. अशा वेळी आसनावर कोणीही असो, ते काय करणार?

आपल्या खासदाराने कोणते प्रश्न विचारले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडते. पुढच्या वेळी मत मागायला ते दारात येतील, त्याआधी ती यादी वाचून ठेवा.