भूमी विरस होण्यापूर्वी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी महाविद्यालयात अभ्यासला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीच्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी कसा ग्रासतो, हा त्याचा विषय. २०२० च्या महामारीत या अध्यायाचा उल्लेख न झालेले व्याख्यान विरळाच म्हणावे लागेल. परंतु हा अध्याय ज्या संवादाने आरंभ होतो, त्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगातीरीच्या वनात फिरत असताना भगवान आत्रेय अग्निवेशाला प्रथम व्याधीचे लक्षण सांगत नाहीत की चिकित्साही सांगत नाहीत. ते औषधी गोळा करण्यास सांगतात, आणि तेही भूमी विरस होण्यापूर्वी. भूमीचा रस गेला की वनस्पतींचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव हेही जातात. मग रोग आल्यावर वैद्याच्या हाती द्रव्य असेल, पण त्या द्रव्यात औषध उरलेले नसेल, ही त्या आचार्यांची चिंता होती. याच अध्यायात पुढे हे भाव का बिघडतात याचे मूळ अधर्मात दाखविले आहे, आणि त्या अधर्माचा आरंभ देशाच्या व नगराच्या प्रमुखांपासून होतो, असेही स्पष्ट म्हटले आहे.

आमच्यापुढचा प्रश्न थोडा निराळा आहे. केवळ भूमी विरस होत असती तर गोष्ट वेगळी होती. येथे भूमीवरचे अरण्यच उचलले जात आहे.

सह्याद्रीचे उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रातील वैद्याची कोठी मुख्यतः याच डोंगरांनी भरली आहे. धरणांच्या जलाशयांखाली खोरी गेली, खाणींनी डोंगरमाथे खरवडले, महामार्गांच्या रुंदीकरणात दुतर्फा उभे असलेले जुने वृक्ष पडले, आणि दोडामार्ग भागात सदाहरित रान साफ करून रबराच्या बागा उभ्या राहिल्या. २००२ साली कर्नाटकातून हत्तींचा कळप याच दोडामार्ग तालुक्यात उतरला आणि 'हत्ती आमच्या शेतात आले' अशी ओरड सुरू झाली. हत्तींची बाजू मांडणारा अर्थात कोणी नव्हता. या विकासाला आमचा सरसकट विरोध नाही. ज्या विजेवर आमच्या औषधनिर्माणशाळांतील चूर्णयंत्रे चालतात, ती वीजही कोठल्या तरी खोऱ्याच्या बदल्यात आलेली आहे, हे आम्ही जाणतो. मात्र बदल्यात काय दिले, याचा जमाखर्च कोणी मांडत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली तो मांडून पाहिला. तो अहवाल न पेलल्यामुळे कस्तुरीरंगन समिती नेमण्यात आली आणि २०१३ साली तिने पश्चिम घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरविला. त्यानंतर २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचा मसुदा सहा वेळा प्रसिद्ध झाला. सहाव्या मसुद्यावरची तारीख ३१ जुलै २०२४ अशी आहे. वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

अरण्य एकदम जात नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कधी कधी उपग्रहाच्या छायाचित्रात ते हिरवेच दिसत असते आणि आतून एकेक वनस्पती नाहीशी झालेली असते. नरक्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. या झाडाला येणाऱ्या दुर्गंधामुळे त्याला हे नाव पडले; आपल्या निघंटूंत त्याला स्थान नव्हते आणि कोकणातील माणूस त्याच्याकडे फिरकतही नसे. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर उपयोगी ठरणारे द्रव्य वेगळे केले. १९७२ साली भारतीय संशोधकांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात विपुल प्रमाणात आढळले. १९९० नंतरच्या दशकात या द्रव्यापासून तयार झालेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे बाजारात आली, आणि सह्याद्रीतील नरक्यावर कुऱ्हाडी पडू लागल्या. झाडे मुळासकट उपटून, तुकडे करून, पोत्यांत भरून जहाजांवर चढली. तोडणाऱ्याच्या हाती किलोमागे काही रुपये पडले. कर्करोगाच्या रुग्णाला आयुष्य देणारे झाड आपल्याच अरण्यात दुर्मिळ झाले. ही तोड पाश्चात्त्य औषधशास्त्रासाठी झाली, असे म्हणून आपल्याला हात झटकता येतील काय?

येत नाहीत. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या वतीने झालेल्या पाहणीनुसार २०१४-१५ या वर्षी देशातील वनौषधींची एकूण मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन होती. व्यापारात असलेल्या जाती १,१७८, आणि त्यांपैकी २४२ जातींची उलाढाल प्रत्येकी वर्षाला १०० टनांहून अधिक. यापूर्वीच्या पाहणीत, म्हणजे २००५-०६ साठी, एकूण मागणीचा आकडा सुमारे ३ लाख २० हजार टन होता. एका दशकात झालेल्या या वाढीला आपण 'आयुर्वेदाची प्रगती' म्हणतो, संमेलनांतून तिचा गौरव करतो, आणि ते अयोग्यही नाही. परंतु त्या आधीच्या पाहणीत ज्या १७८ जाती मोठ्या उलाढालीच्या म्हणून निवडल्या होत्या, त्यांतील जेमतेम ३६ जाती मुख्यतः लागवडीतून येत होत्या. बाकीचा बहुतेक भार रानावर आणि पडीक जमिनीवर होता.

त्यातही कोणते अंग लागते, यावर सर्व काही अवलंबून आहे. फळ घेतले तर झाड राहते. पान घेतले तरी बहुधा राहते. साल आणि मूळ यांची गोष्ट वेगळी. आपल्या दशमुळांतील बृहत्पंचमूळ पाहा: बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि अरणी. ग्रंथाप्रमाणे मूळ घ्यायचे, म्हणजे वृक्षच घ्यायचा. दशमूलारिष्टाच्या प्रत्येक मोठ्या घाण्यामागे किती वृक्ष उभे होते, हा हिशेब कोणत्याही खरेदीपत्रकात सापडत नाही. अलीकडे मुळाऐवजी खोडाची साल बाजारात येते. हा बदल शास्त्रचर्चेतून झाला असता तर आम्ही त्याचे स्वागत केले असते. बव्हंशी तो मुळे मिळेनात म्हणून झाला. मधुमेहासाठी ख्यातनाम झालेल्या सप्तरंगीची मुळे कोकणच्या रानातून अशीच खणून काढली जातात. गुजरात-राजस्थानच्या शुष्क प्रदेशातील गुग्गुळाला अधिक निर्यास मिळावा म्हणून खोल घाव घालतात आणि झाड वाळून जाते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हा गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त वर्गात आहे, आणि हिमालयातील जटामांसीही त्याच वर्गात आहे.

अशोकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. सीता-अशोक हा ओढ्याकाठी, सावलीत, सावकाश वाढणारा वृक्ष. त्याची साल खोडाभोवती वलयाकार काढली की वृक्ष मरतो. एका बाजूने, उभी आणि मर्यादित पट्टी काढून झाडाला विश्रांती दिली तर तो जखम भरून काढतो. जुन्या संग्राहकांना हे ठाऊक होते. किलोवर भाव मिळू लागल्यावर आणि 'आज आपण सोडले तर उद्या दुसरा नेईल' अशी स्थिती आल्यावर ते ज्ञान निरुपयोगी ठरले. साल दुर्मिळ झाली, पण अशोकारिष्टाच्या बाटल्या कोठेही दुर्मिळ झाल्या नाहीत, याचा अर्थ वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेल्या आसुपालवाची साल अशोक म्हणून खपते, हे आपल्या व्यवसायातील उघड गुपित आहे. रक्तप्रदराने थकलेली स्त्री विश्वासाने औषध घेते, गुण येत नाही. वैद्य मात्रा वाढवितो, अनुपान बदलतो, निदानाविषयी साशंक होतो, आणि शेवटी आयुर्वेदाला दोष लागतो. आत्रेयांनी जी भीती व्यक्त केली, ती याहून वेगळी काय होती?

आता वन्य प्राण्यांविषयी. अरण्य म्हणजे झाडांचे कोठार आणि प्राणी म्हणजे त्यातील शोभा, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वास्तविक कोठार भरणारे तेच आहेत. राजाजी राष्ट्रीय उद्यानात आवळ्यावर झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला फार उद्बोधक वाटला. वानरे झाडावर आवळे खातात, काही खाली पडतात. ते चितळ गिळतात, दूर जाऊन निवांत रवंथ करतात आणि त्या वेळी आठळी तोंडावाटे टाकून देतात. मातृवृक्षापासून लांब आवळा रुजण्याची सोय अशी चितळाच्या रवंथात आहे. च्यवनप्राशाच्या डब्यावर चितळाचे चित्र कोणी छापलेले आम्ही पाहिले नाही.

बेहड्याचीही अशीच कथा आहे. कोकणात जुन्या, उंच बेहड्याच्या ढोलीत ककणेर घरटे करतो. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि पिले मोठी होईपर्यंत नर फटीतून अन्न पुरवितो. लाकडाच्या मोबदल्यात बेहडा तुटला की फळ जाते आणि दूरवर बीज पेरणारा पक्षीही जातो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर व संगमेश्वर परिसरात हे गणित उलटे करून दाखविले. हिरडा व बेहडा यांचे नियमबद्ध संकलन, त्याला फेअरवाइल्ड हे प्रमाणपत्र, संकलन करणाऱ्या स्थानिकांना वाजवी भाव आणि धनेशांच्या घरट्यांचे रक्षण, अशी ती योजना आहे. उभे झाड लाकडापेक्षा अधिक उत्पन्न देऊ लागले की ते उभे राहते. या मालाचा एक प्रमुख ग्राहक इंग्लंडमधील वनौषधी-चहाची कंपनी होती. भीमाशंकरचा हिरडा कसा तोडला, हे इंग्लंडच्या चहावाल्याला विचारावेसे वाटले. त्याच हिरड्याचे चूर्ण रोज देणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना वाटले असेल?

प्राणिज द्रव्यांबाबत संकोच सोडून बोलले पाहिजे. कस्तुरी, हस्तिदंत, मृगशृंग, मयूरपिच्छ ही द्रव्ये ग्रंथोक्त आहेत. ग्रंथकारांच्या काळी अरण्य अफाट आणि वैद्य मोजके होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृग संरक्षित आहे, १९८६ पासून हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध आहे, आणि २००१ साली प्रवाळही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. तरीही 'अस्सल कस्तुरी आहे' असे कानात सांगणारा फिरता विक्रेता दवाखान्यात येतो, तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवावे. माल खोटा असेल तर फसवणूक आहे आणि खरा असेल तर गुन्हा आहे.

लागवड हा यावरचा उपाय म्हणून सर्वत्र सांगितला जातो, आणि काही अंशी तो खराही आहे. मंदसौर-नीमचच्या शेतांतून अश्वगंधा येते, शतावरी व अडुळसा येतो. त्यासाठी रानात जाण्याचे कारण नाही. परंतु वृक्षाला शेतकरी थांबत नाही. टेटूचे मूळ किंवा अशोकाची साल विकायला वीस-पंचवीस वर्षे वाट पाहणारा कोण? आणि रान हे केवळ वृक्षांची रांग नव्हे, हे देशविचार शिकलेल्या वैद्याला सांगायला नको. म्हणून रानातच, पण मोजून घेणे याला पर्याय नाही, आणि मोजून घेऊ शकतो तो तेथे राहणारा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. ग्रामसभेने आपले बांबूचे रान आपल्या नियमांनी सांभाळले आणि त्यातून उत्पन्नही काढले. रानाला मालक मिळाला की लूट थांबते, असा याचा सरळ अर्थ आम्ही घेतो.

येथे औषधनिर्मात्यांच्या मनात कायद्याचा प्रश्न येईल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार संग्राहक समाजाला लाभाचा वाटा द्यावा लागतो काय, हा वाद उत्तराखंड उच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने भारतीय कंपन्यांनाही तो द्यावा लागेल असा निर्णय दिला. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र नोंदणीकृत आयुष चिकित्सक, ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर आणि लागवडीतील औषधी यांना त्यातून मुक्त केले. अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लहान वैद्याच्या डोक्यावरचे कागदांचे ओझे कमी झाले, याचा आम्हालाही आनंद आहे. पण ज्याच्या डोक्यावरून हिरड्याचे पोते उतरते त्याचा वाटाही त्याबरोबर हलका झाला, हे आमच्या मनातून जात नाही.

खरेदी करताना विचारण्यासारखे थोडेच आहे. माल कोणत्या तालुक्यातून आला, कोणत्या ऋतूत काढला, झाडाचे अंग कसे काढले, लागवडीचा असल्यास दाखला आहे काय. विक्रेता पहिल्यांदा हसेल. चार दुकानदारांनी विचारल्यावर उत्तर शोधू लागेल. ज्या औषधनिर्माणशाळांकडे थोडी जमीन आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात ओलसर, सावलीच्या जागी अशोकाची रोपे लावावीत. रोपे घेताना पाने पाहावीत: सीता-अशोकाचे पान संयुक्त असते आणि कोवळी पालवी तांबूस, मलूल होऊन लोंबलेली दिसते; आसुपालवाचे पान साधे, लांबट व कडेला नागमोडी असते. रोपवाटिकेतही 'अशोक' मागितला की बहुधा आसुपालवच हातात ठेवतात.