दूध तापविण्यामागील शास्त्र

कासेतून नुकतेच काढलेले धारोष्ण दूध विशेष बलवर्धक असते, अशी समजूत ग्रामीण भागात आजही आढळते. दूध पौष्टिक आहे यात संशय नाही. परंतु ते जितके मनुष्यास पोषक, तितकेच जंतूंसही. जनावर क्षयाने किंवा सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाने ग्रस्त असल्यास त्या रोगाचे जंतू दुधावाटे माणसाच्या शरीरात जाऊ शकतात. असे जनावर वरून धडधाकटही दिसते. शिवाय दूध काढणाऱ्याचे हात, भांडी आणि पाणी यांतून जंतूंची भर पडते ती वेगळीच.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात द्राक्षाचे मद्य आंबू नये म्हणून ते मंद तापविण्याची रीत काढली. हीच रीत दुधाकरिता वापरावी, असे फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये सुचविले. दुग्धालयात दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे अथवा ७२ अंशांवर १५ सेकंद राखून लगेच सुमारे ४ अंशांपर्यंत थंड करतात. यास पाश्चरीकरण म्हणतात. दूध पुरेसे तापले की नाही, हे पाहण्याची युक्ती मोठी मार्मिक आहे. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचे द्रव्य स्वभावतःच असते. क्षयाच्या जंतूंचा नाश होण्यास जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित अधिक उष्णतेने ते निष्प्रभ होते. परीक्षेत ते सापडले, तर दूध नीट तापविले गेले नाही किंवा त्यात मागाहून कच्चे दूध मिसळले गेले, असे समजावे. खेडा जिल्ह्यातील सहकारी संघाने १९४८ मध्ये आणंद येथून पाश्चरीकृत दूध मुंबई दूध योजनेस पाठविण्यास प्रारंभ केला. चारशेहून अधिक किलोमीटरांचा तो प्रवास याच विद्येच्या बळावर साधला.

मात्र पाश्चरीकरणाने सर्वच जंतू मरत नाहीत. रोगजंतू मरतात, दूध नासविणारे काही जंतू शिल्लक राहतात. म्हणूनच पिशवीतील दूध थंड जागी ठेवावे लागते.

सुटे कच्चे दूध घेणाऱ्यांनी ते घरी उकळलेच पाहिजे. रथसप्तमीस दूध उतू घालविण्याची प्रथा निराळी. एरवी दूध वर आले म्हणजे उकळले, असे मानू नये. सायीखाली वाफ कोंडल्याने ते वर चढते; त्या वेळी भांड्यातील सारे दूध सारखे तापलेले असतेच असे नाही. ते ढवळीत राहून खळखळ उकळी येऊ द्यावी. त्यानंतर मोठ्या पातेल्यातील दूध तसेच झाकून ठेवल्यास निवण्यास कित्येक तास लागतात आणि त्या कोमट अवस्थेत उरलेले जंतू झपाट्याने वाढतात. त्याकरिता पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून पाणी एकदोनदा बदलावे. दुधात बोट अथवा उष्टा चमचा घालू नये, आणि सकाळचे उरलेले दूध सायंकाळच्या ताज्या दुधात ओतू नये.