गाड्या ‘परत मागवतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

मित्रांनो, ‘कंपनीने लाखभर गाड्या परत मागवल्या’ अशी बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. मुलांना वाटतं, कंपनी गाड्या काढूनच घेते की काय! तसं नसतं बरं का. गाडी मालकाचीच राहते. ती वर्कशॉपला न्यायची आणि सदोष भाग फुकट दुरुस्त करून आणायचा. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. एक खरं उदाहरण घेऊन हे समजून घेऊया.

सप्टेंबर 2017 मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने जगभरातल्या सुमारे 8 लाख पिकअप गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. शेव्हरोले सिल्व्हराडो 1500 आणि जीएमसी सिएरा 1500, दोन्ही 2014 चं मॉडेल. यातल्या जवळपास 6 लाख 90 हजार गाड्या एकट्या अमेरिकेतल्या. पिकअप म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. तिकडे ही गाडी शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत सगळ्यांकडे दिसते.

दोष होता स्टिअरिंगमध्ये. आधी एक प्रयोग करून बघा. सायकल उभी ठेवा, तिच्यावर बसा आणि हँडल वळवा. जड जातं ना? आता हळूहळू चालवत वळवा, सहज वळतं. उभ्या चाकाचा टायर जमिनीवर घासतो, म्हणून जोर लागतो. पिकअपचं वजन तर दोन टनांच्या आसपास! म्हणून स्टिअरिंगला मदत करायला एक विजेची मोटार बसवलेली असते. चालकाने किती जोर लावला हे सेन्सर ओळखतो आणि त्या हिशोबाने मोटार हातभार लावते.

आता गंमत बघा (खरं तर गंमत नाहीच). गाडी हळू असताना वळवायला मोटारीला सर्वांत जास्त वीज लागते. नेमक्या त्याच वेळी विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली गेला की या गाड्यांमधली मदत क्षणभर बंद पडायची आणि लगेच परत यायची. स्टिअरिंग तुटायचं नाही, चाकांशी जोडलेलंच राहायचं. पण एकदम जड झालं म्हणून चालक जीव खाऊन जोर लावणार, आणि तेवढ्यात मोटार पुन्हा सुरू झाली तर? गाडी भलतीकडेच वळणार. मला विचाराल तर मदत जाण्यापेक्षा ती अचानक परत येणं जास्त धोक्याचं. यावर उपाय मात्र साधा निघाला. कुठला सुटा भाग बदलायचा नव्हता, स्टिअरिंगच्या कंट्रोल युनिटमधलं सॉफ्टवेअर नवीन टाकायचं होतं.

एका सेकंदाचा असा दोष एकट्या माणसाला सिद्ध करता येत नाही. मेकॅनिककडे गाडी नेली तर तिथे ती व्यवस्थित चालते. मग चालकाला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असेल. पण तशीच तक्रार शेकडो जणांनी एकाच ठिकाणी नोंदवली, की दोष गाडीत आहे हे दिसायला लागतं. अमेरिकेत यासाठी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन आहे, आणि त्यामागे 1966 चा कायदा. सुरक्षेला धोका आहे असं कंपनीने ठरवलं की पाच कामकाजाच्या दिवसांत सरकारला कळवावं लागतं, आणि मालकांना पत्रं पाठवावी लागतात.

तरी प्रकरण इथे संपलं नाही. सप्टेंबर 2018 मध्ये त्याच कंपनीने स्टिअरिंगच्या अशाच दोषासाठी आणखी सुमारे 12 लाख गाड्यांचा रिकॉल काढला. यात 2015 च्या पिकअप होत्या, शिवाय त्याच वर्षाच्या काही मोठ्या एसयूव्हीसुद्धा.

आता तुम्ही विचाराल, सर, आपल्याकडे काय? आपल्याकडे 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि रिकॉलचं कलम आलं. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीत दोष असेल तर मालक सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या, की सरकार कंपनीला रिकॉलचा हुकूम देऊ शकतं, आणि दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत आहे.

घरी गाडी असेल तर आज तिचा चासी नंबर वहीत उतरवून घ्या. तो आरसी बुकावरही असतो. 17 अक्षरं-अंक मोजून बघा. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर हाच नंबर टाकून आपल्या गाडीचा रिकॉल निघालाय का ते कळतं. गाडी जुनी घेतलेली असेल तर नक्कीच बघा, कारण कंपनीचं पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं.