सरकारी दप्तरें व रयतेची साक्ष

जो सावकार वही दाखवीत नाहीं, त्याच्या तोंडी हिशेबावर विश्वास ठेवावा, असें आमच्या पेठेंतील कोणता व्यापारी म्हणेल? कोर्टही तसें म्हणत नाहीं. जो पक्षकार हातचा पुरावा दडवून ठेवतो, त्याचा तो पुरावा त्याच्याच विरुद्ध असावा, असें अनुमान काढण्याची मुभा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील ११४ व्या कलमानें न्यायाधीशांस दिली होती. त्या कायद्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या अधिनियमांतही तें तत्त्व कायम आहे. जो न्याय सावकारास तोच सरकारास कां नसावा, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

पूर्व आफ्रिकेंतील केनिया या इंग्रजी वसाहतींत १९५२ सालीं आणीबाणी पुकारण्यांत आली व माऊ माऊ बंडाच्या नांवाखालीं हजारों लोक छावण्यांत डांबले गेले. ३ मार्च १९५९ रोजीं होला येथील छावणींत ११ कैदी मेले. पाणी प्याल्यानंतर ते मेले, असें सरकारी पत्रक निघालें. ते मारहाणीनें मेले, हें चौकशींत उघड झालें. त्याच वर्षीं जुलैंत पार्लमेंटांत वाद झाला, आणि इंग्लंडांत एक व आफ्रिकेंत दुसरा असा जबाबदारीचा मापदंड ठेवतां येणार नाहीं, असें इनॉक पॉवेल या सरकारपक्षाच्याच सभासदानें बजावलें. तो वाद छापून निघाला म्हणून आज वाचतां येतो.

परंतु पार्लमेंटाचा वृत्तान्त निराळा व अंमलदारांचें दप्तर निराळें! १९६१ सालीं वसाहतमंत्री इयन मॅक्लिऑड यांच्या खात्यानें असा हुकूम सोडला कीं, ज्या कागदांमुळें ब्रिटिश सरकारास खालीं पाहावें लागेल, ते नव्या स्वतंत्र सरकारांच्या हातीं देऊं नयेत. त्याप्रमाणें कित्येक कागद जाळले गेले व कित्येक गुपचूप विलायतेस रवाना झाले. पुढें २००९ सालीं केनियांतील कांहीं वृद्धांनीं लंडनच्या कोर्टांत फिर्याद केली, तेव्हां ३७ जुन्या वसाहतींच्या सुमारें ८,८०० फायली हॅन्सलोप पार्क येथें पडून असल्याचें २०११ सालीं सरकारास कबूल करावें लागलें. ६ जून २०१३ रोजीं परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनीं खेद व्यक्त करून ५,२२८ फिर्यादींसाठीं खर्चासह १ कोटी ९९ लक्ष पौंड देण्याचें जाहीर केलें. जुलूम झाल्यास अर्धें शतक लोटलें होतें. जे मधल्या काळांत मेले, त्यांस हा न्याय काय कामाचा?

आफ्रिकेच्या कथेशीं आम्हांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आमची स्वतःची लढाई कागदांवरच उभी होती. दादाभाई नौरोजींनीं हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा सिद्धान्त मांडला तो सरकारच्याच छापील आंकड्यांवरून. २६ मार्च १९०२ रोजीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत गोखले अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हां शिलकी रकमा हें भरभराटीचें लक्षण नसून रुपयाचा भाव चढल्याचें व कर जबर ठेवल्याचें फळ आहे, हें त्यांनीं सरकारच्याच हिशेबावरून दाखविलें. सरकारच्या पेटींतील कागद हाच रयतेचा साक्षीदार ठरला.

आज राज्य आपलें आहे. परंतु तेवढ्यानें साक्षीदाराची गरज संपत नाहीं. मध्यवर्ती सरकारच्या दप्तरांसाठीं १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे; त्याच्या मुख्य बंधनांचा भंग करणारास पांच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. महाराष्ट्राचाही २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. कायद्याची उणीव नाहीं. पण वाळवी कायदा वाचीत नाहीं, आणि ओलीनें कुजलेलें बासन कोणी मुद्दाम जाळलें नाहीं म्हणून परत येत नाहीं. नगरपालिकेचे जुने ठराव कोठें आहेत, तालुक्याच्या दप्तरखान्याचें छप्पर गळतें कीं काय, यादी शेवटची केव्हां झाली, हे प्रश्न वकीलमंडळांनीं व व्यापारी मंडळांनीं लेखी विचारावेत आणि लेखी उत्तर मागावें. आपल्या दुकानाची वही आपण जितक्या काळजीनें जपतों, तितक्याच काळजीनें ही सामाईक वही जपली पाहिजे. कारण तींत आपलेंच येणें लिहिलेलें आहे.