अंतर एकच, वेळ निराळा

मुंबई आणि लंडनचे हीथ्रो या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तरीही परतीचा प्रवास बहुधा कमी वेळात होतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे विमानाला साथ देतात.

तिकिटावर मात्र त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान लंडनला सायंकाळी ६.३० वाजता पोहोचले, तर प्रवास साडेचार तासांचा नव्हे. घड्याळांतील साडेपाच तासांचा फरक मिळवून तो दहा तासांचा होतो. उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा असतो.

मुलांकडे निघालेल्या मधुमेही ज्येष्ठांनी हा हिशेब डॉक्टरांपुढे ठेवून औषधांच्या व भोजनाच्या वेळा आधीच लिहून घ्याव्यात. औषधेही हातातील सामानातच ठेवावीत.