राणीला उसनी लेकरं

वळवाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. त्यात वाळवीच फार. पण कंबर बारीक, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे आणि काळंभोर अंग दीड सेंटिमीटरहून लांब असेल, तर ती काळ्या मुंगळ्यांची राणी असू शकते. पंख गळालेली अशी एखादी राणी जिन्यात एकटीच धावताना दिसली की माझे विद्यार्थी तिला डबीत घालून घेऊन येतात. "बाई, हिचं वारूळ करायचं?"

तिचं घर साधं असतं. परीक्षानळीच्या तळाशी पाणी, पाण्याला टेकेल असा कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाशी हवा खेळेल असा दुसरा बोळा. नळीला काळा कागद गुंडाळायचा आणि ती हादरे न बसणाऱ्या कपाटात ठेवायची. खायला काही द्यायचं नाही. मुलं इथे हटकून हळहळतात. पण पंख टाकून दिल्यावर ते हलवणारे छातीतले स्नायू राणीच्या शरीरातच विरघळतात. त्यावर आणि अंगातल्या चरबीवर ती स्वतः जगते, पहिल्या अळ्यांनाही भरवते. अंड्यातून कामकरी मुंगी तयार व्हायला दीड-दोन महिने लागू शकतात. तेवढा काळ ती उपाशीच काढते.

राणी अडचणीत येते ती पुष्कळदा आपल्या डोकावण्यामुळे. उजेड आणि धक्के यांनी बिथरली की ती स्वतःची अंडी खाते. त्यात क्रूरपणा नाही, अंड्यात घातलेली ताकद ती परत घेते. मात्र सगळी परत येत नाही, आणि असं वारंवार झालं की पिल्लं वाढवण्याइतका साठाच उरत नाही. अशा राणीला आधी निवांतपणा हवा. पोट खपाटीला गेलेलं दिसलं तर काडीच्या टोकावर मधाच्या पाण्याचा एक थेंब द्यावा. बोळ्यावर बुरशी धरली असेल तर राणीला चिमट्याने उचलू नये. नवी नळी जुनीच्या तोंडाला जोडावी, नवी अंधारात आणि जुनी उजेडात ठेवावी. बहुधा ती आपणहून पलीकडे जाते.

एवढं करूनही अंडी टिकली नाहीत, तर मी तिला उसने कोश देते. कुंडी हलवली की मुंगळे तोंडात पांढुरके दाणे धरून पळतात. लोक त्यांना अंडी म्हणतात, पण त्यातले मोठे, लांबट दाणे म्हणजे रेशमी कोश, आणि आत जवळजवळ तयार झालेली मुंगी असते. त्यातले दोन-तीन मऊ कुंचल्याने उचलायचे. ते त्याच जातीचे हवेत, आणि सोबत एकही मोठा मुंगळा येता कामा नये. तो परक्या राणीवर तुटून पडेल. मुंग्या आपलं-परकं ओळखतात ते अंगावरच्या मेणचट थराच्या वासावरून. कोशातून नुकत्याच निघालेल्या मुंगीवर तो वास जवळजवळ नसतो, म्हणून ती राणीच्याच घरची होऊन जाते. राणी स्पर्शिकांनी कोश चाचपते, जवळ ओढून घेते, आणि वेळ आली की जबड्यांनी तो फाडून फिकट, लटपटती मुंगी बाहेर यायला मदत करते. हे पाहिलेली मुलं पुढे मुंगळा चिरडत नाहीत.

या मदतीलाही मर्यादा आहे. नराशी मीलन न झालेली राणीसुद्धा पंख गाळते, अंडी घालते. पण फलन न झालेल्या अंड्यांतून फक्त नर निघतात. तिथे उसनी लेकरं असेपर्यंतच घर चालतं. मीलन झालेली राणी मात्र त्या एका उड्डाणात मिळालेलं बीज पोटातल्या पिशवीत वर्षानुवर्षं जपते. जॉन लबक या इंग्रज अभ्यासकाने १८७४ मध्ये पाळायला घेतलेली दुसऱ्या एका जातीची राणी १८८८ पर्यंत जगली होती.

कामकरी मुंग्या हिंडू लागल्या की उपवास संपतो. मधाच्या पाण्याचा थेंब आणि मारलेला एखादा डास पुरे. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकावं. मोठ्या काचपेटीची घाई नको. नळीत दाटी होईपर्यंत नळीच बरी.